क्रूसावरील देहदंड

गुन्हेगारास जिवंतपणी लाकडी खांबावर किंवा उभ्या-आडव्या लाकडांच्या चौकटीवर दोरांनी बांधून अथवा खिळ्यांनी ठोकून, मरण येईपर्यंत उघड्यावर टांगून ठेवण्याची प्राचीन शिक्षा. भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशांत व पश्चिम आशियात इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. चौथ्या शतकापर्यंत ती कमीअधिक प्रमाणात प्रचारात होती. येशू ख्रिस्ताच्या मृत्यूमुळे ही शिक्षा जगभर परिचित झाली. मात्र त्यामुळेच तिच्याविषयीची सर्वसामान्य कल्पना प्रत्यक्ष पुराव्यापेक्षा पुढील काळातील चित्रे व शिल्पे यांवरून अधिक बनलेली आहे. ज्या समाजांनी ही शिक्षा अंमलात आणली त्यांच्या दृष्टीने तीत शारीरिक वेदनेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व बेअब्रूला होते. मरणाऱ्या माणसाला समाजात काहीही स्थान उरलेले नाही, हे सर्वांच्या देखत दाखवून देण्याची ती रीत होती. त्यामुळे ती कोणाला देता येई व कोणाला देता येत नसे, यावरूनच तिचा अर्थ कळू शकतो.

मराठीतील ‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘क्रुझ’ वरून आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘क्रुक्स’ या शब्दात आहे. कोकणीतील ‘खुरीस’ हाही त्याच कुळातला. बायबलच्या प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी भाषांतरांनी ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ केला. ग्रीक ‘स्टाउरॉस’ या शब्दाचा मूळ अर्थ कुंपणाचा उभा खांब असा असल्याने, भाषांतरकारांनी योजलेला हा शब्द मुळाच्या बराच जवळ जाणारा आहे, असे म्हणावे लागते. ग्रीक ग्रंथकार या शब्दापासून साधलेली क्रियापदे सैलपणे वापरतात. ठार केलेल्या माणसाचे प्रेत खांबाला लटकविणे, जिवंत माणसाला अणकुचीदार खांबावर रोवणे आणि जिवंत माणसाला खांबाला बांधून वा ठोकून मरू देणे या तिन्ही भिन्न कृतींसाठी एकच क्रियापद आढळते. रोमन काळापूर्वीच्या अनेक उल्लेखांत यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे त्यामुळे केवळ शब्दावरून ठरविता येत नाही. लॅटिनमध्ये ‘क्रुक्स’ हा संपूर्ण साधनाचा आणि ‘पाटिबुलुम’ हा आडव्या तुळईचा वाचक शब्द होय. पण तेथेही दोहोंची सरमिसळ झालेली दिसते.

भारतीय वाचकास परिचित असलेल्या सुळाच्या शिक्षेहून ही शिक्षा वेगळी आहे. महाभारतातील अणीमांडव्य ऋषीच्या देहात सुळाचे टोक राहून गेले, म्हणून त्यास ते नाव पडले. मृच्छकटिकातील चारुदत्तालाही सुळाचीच शिक्षा फर्मावली जाते. सुळाचे टोक शरीरात घुसते व तीच जखम प्राणघातक ठरते. ॲसिरियाचा राजा सेनॅकेरिब याने इ. स. पू. ७०१ मध्ये लाखिश नगर जिंकले, त्याचे उत्थित शिल्प निनेव्ह येथील राजवाड्यात सापडले. त्यात खांबांवर रोवलेले बंदिवान स्पष्ट दिसतात, आणि तो सुळाचाच प्रकार आहे. क्रूसावर मात्र अशी एकही प्राणघातक जखम केली जात नसे. शरीर आपल्याच भाराने, उन्हातान्हात, तहानेने व रक्तस्रावाने हळूहळू निकामी व्हावे आणि त्यास जितका वेळ लागेल तितका वेळ लोकांनी ते पाहावे, ही त्यामागील योजना होती.

इराणच्या ॲकिमेनिडी सम्राटांनी बंडखोरांना खांबांवर चढविल्याचे उल्लेख त्यांच्याच शिलालेखांत आहेत. पहिल्या डरायसच्या बेहिस्तून येथील लेखात मीडियातील बंडखोर फ्रावर्तिश याचे नाक-कान कापून त्यास एकबॅटना येथे खांबावर चढविल्याची नोंद आहे. बॅबिलन पुन्हा जिंकल्यावर डरायसने तेथील ३,००० प्रमुख माणसांना अशीच शिक्षा दिली, असे हीरॉडोटस सांगतो. सेमॉसचा जुलमी सत्ताधीश पॉलिक्राटीझ याला मात्र इराणी क्षत्रपाने सु. ५२२ मध्ये (इ. स. पू.) आधी ठार केले आणि मग त्याचे प्रेत खांबावर टांगले. ग्रीक लेखक अशा शिक्षांना रानटी लोकांची रीत मानीत. पण त्यांचे हातही अगदी स्वच्छ नव्हते. इ. स. पू. ४७९ मध्ये पेरिक्लीझचा पिता झँथिपस याच्या नेतृत्वाखालील अथेनियनांनी आर्टायक्टीझ या इराणी प्रांताधिपतीस हेलेस्पाँटच्या किनाऱ्यावर जिवंतपणी फळीवर ठोकले आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाला दगडांनी ठेचून मारले. त्याने एका वीराच्या समाधिमंदिराची लूट व विटंबना केली होती. हीरॉडोटसच्या इतिहासातील हा जवळजवळ अखेरचा प्रसंग असून तो त्याने कोणतीही टीका न करता सांगितला आहे.

अलेक्झांडरने सात महिन्यांच्या वेढ्यानंतर इ. स. पू. ३३२ मध्ये टायर घेतले, तेव्हा हयात राहिलेल्या २,००० तरुणांना समुद्रकिनाऱ्यावर टांगण्यात आले, असे डायोडोरस व कर्टियस सांगतात. अधिक विश्वसनीय मानला जाणारा एरियन मात्र याविषयी काही लिहीत नाही. कार्थेजमध्ये या शिक्षेचा एक वेगळाच उपयोग होता. तेथे पराभूत वा नालायक ठरलेल्या सेनापतींनाही क्रूसावर चढवीत. याच प्रथेचा कळस भाडोत्री सैनिकांच्या बंडात (इ. स. पू. २४१–२३८) झाला. हॅमिलकार बार्काने बंडखोरांचा पुढारी स्पेंडियस यास ट्यूनिसच्या तटासमोर, आतील लोकांना दिसेल अशा रीतीने, क्रूसावर चढविले. थोड्याच दिवसांत दुसरा पुढारी माथोस याने अचानक हल्ला करून कार्थेजचा सेनापती हॅनिबल (प्रसिद्ध हॅनिबल नव्हे) यास पकडले, स्पेंडियसचे प्रेत खाली उतरविले आणि त्याच क्रूसावर हॅनिबलला जिवंत चढविले. पोलिबियसने हा वृत्तांत दिला आहे. रोमनांनी ही शिक्षा कार्थेजकडून उचलली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

रोममध्ये ही शिक्षा ‘सेर्व्हिले सुप्लिकियुम’ म्हणजे ‘गुलामांचा देहदंड’ या नावाने ओळखली जाई आणि हे नाव अत्यंत अन्वर्थक होते. प्लॉटस (मृत्यू इ. स. पू. सु. १८४) याच्या सुखात्मिकांतील गुलाम क्रूसाविषयी सतत विनोद करतात, आपले बापजादे तेथेच गेले, आपणही तेथेच जाणार, असे त्यांचे बोलणे असते. ‘क्रूसावर जा’ ही तत्कालीन बाजारातील नित्याची शिवी होती. प्रेक्षकांना हसविणारे हे विनोद गुलामाच्या दैनंदिन भीतीतून आले होते, हे विसरता येत नाही. ही भीती किती रुक्षपणे व्यवहारात मुरली होती, याचा पुरावा नेपल्सजवळील प्युटिओली (विद्यमान पॉत्सुओली) येथे मिळालेल्या एका नगरपालिका-लेखात आहे. त्यात अंत्यविधी व देहदंड यांच्या मक्त्याच्या अटी कोरलेल्या आहेत. एखाद्या मालकास आपल्या गुलामाला खाजगी रीत्या शिक्षा करावयाची असेल, तर मक्तेदाराने त्यासाठी लागणारी लाकडे, साखळ्या व दोर पुरवावेत आणि मालकाने तुळई वाहून नेणारे, फटके मारणारे व फाशी देणारा यांस प्रत्येकी चार सेस्टर्स, म्हणजे एक दिनार, द्यावेत. नगराधिकाऱ्याने हुकूम दिल्यास मात्र मक्तेदाराने क्रूस, खिळे, डांबर, मेण व मेणबत्त्या विनामूल्य पुरवाव्यात, अशा त्या अटी होत. या लेखात गुन्ह्याचा किंवा चौकशीचा कोठेही उल्लेख नाही. मालकाची इच्छा एवढेच कारण पुरेसे होते.

इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर मार्कस क्रॅससने ६,००० बंदिवान गुलामांना कॅप्युआ ते रोम या ॲपियन मार्गाच्या कडेने क्रूसांवर चढविले, असे ॲपियन या इतिहासकाराने नमूद केले आहे. हे अंतर सु. १९५ किमी. आहे, म्हणजे सरासरीने दर ३३ मी. वर एक माणूस होता. दक्षिण इटलीतून राजधानीकडे येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने, शेतकऱ्याने आणि मुख्यतः त्यांच्याबरोबरच्या प्रत्येक गुलामाने हा देखावा अनेक दिवस पाहिला असला पाहिजे.

रोमन नागरिकास क्रूसावर चढविणे हे मात्र अमर्याद पाप समजले जाई. सिसिलीचा प्रांताधिपती व्हेरीझ याच्यावर इ. स. पू. ७० मध्ये खटला चालला, त्यासाठी सिसेरोने तयार केलेल्या भाषणांत पब्लियस गाव्हियस या नागरिकाची हकीकत येते. व्हेरीझने त्याला मेसाना येथे भर चौकात फटके मारविले. प्रत्येक फटक्याबरोबर तो आपण रोमन नागरिक असल्याचे ओरडून सांगत होता. नंतर व्हेरीझने, त्यास मरतामरता इटलीचा किनारा दिसावा, म्हणून सामुद्रधुनीच्या काठी मुद्दाम क्रूस उभारविला. सिसेरोचा संताप खरा आहे, यात शंका नाही. पण तो क्रूसाविरुद्ध नाही. गुलामासाठी योजलेली जागा नागरिकाला दिली गेली, ही त्याची तक्रार आहे. इ. स. पू. ६३ मध्ये राबिरियसच्या बचावात तर त्याने, क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या देहापासूनच नव्हे तर त्याच्या विचार, डोळे व कान यांपासूनही दूर राहिला पाहिजे, अशा आशयाचे प्रतिपादन केले. स्पेनचा प्रांताधिपती असताना गॅल्बा (पुढे सम्राट) याने आपल्या पालकत्वाखालील मुलाला विष घालणाऱ्या एका इसमास ही शिक्षा दिली. त्याने नागरिकत्वाचा हक्क सांगताच, त्याचा मान राखण्यासाठी म्हणून गॅल्बाने इतरांपेक्षा बराच उंच व पांढरा रंग दिलेला क्रूस त्याच्यासाठी उभारविला, असे स्विटोनियस लिहितो. सम्राटांच्या काळात नागरिक आणि अनागरिक या भेदाची जागा हळूहळू प्रतिष्ठित व हलके लोक या भेदाने घेतली. पॉलसच्या नावावर असलेल्या इ. स. ३०० च्या सुमारच्या विधिसंग्रहात क्रूस, जाळणे व शिरच्छेद अशा तीन परमोच्च शिक्षा दिल्या असून क्रूस पहिला आहे. त्याच संग्रहानुसार लोकांना बंडास चिथावणाऱ्यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे क्रूसावर चढवावे, हिंस्र पशूंपुढे टाकावे किंवा बेटावर हद्दपार करावे. एकाच अपराधाची शिक्षा जन्म व दर्जा यांनुसार मृत्यूपासून हद्दपारीपर्यंत बदलते, हे रोमन विधीचे एक ठळक वैशिष्ट्य येथे दिसते.

गुलामांखालोखाल ही शिक्षा जिंकलेल्या प्रांतांतील बंडखोर व दरोडेखोर यांच्या वाट्याला आली आणि तिच्याविषयी सर्वांत अधिक माहिती ज्यूडीयातून मिळते. ज्यूंच्या धर्मशास्त्रात दगडांनी मारलेल्या अपराध्याचे प्रेत झाडाला टांगण्याची तरतूद होती; तथापि ते त्याच दिवशी पुरावे, कारण टांगलेला माणूस ईश्वराच्या शापाखाली असतो, असे अनुवाद या ग्रंथात म्हटले आहे. जिवंत माणसाला टांगणे ही त्यांना नवी व भयंकर गोष्ट होती. सु. ८८ मध्ये (इ. स. पू.) ज्यूंचाच राजा व प्रमुख धर्मगुरू अलेक्झांडर जॅनीअस याने आपल्या ८०० विरोधकांना जेरूसलेममध्ये क्रूसांवर चढविले व ते जिवंत असतानाच त्यांच्यासमोर त्यांच्या बायकामुलांचे गळे चिरविले, त्या वेळी तो स्वतः आपल्या स्त्रियांसमवेत मेजवानी झोडीत होता, असे जोसेफस लिहितो. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या नाहूम या संदेष्ट्यावरील भाष्याच्या गुंडाळीतही माणसांना जिवंत टांगणाऱ्या एका ‘क्रोधाच्या सिंहा’चा उल्लेख असून तो जॅनीअसच असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

रोमन अंमलात या शिक्षेचे प्रमाण पुष्कळच वाढले. हेरडच्या मृत्यूनंतर उसळलेल्या दंग्यांत सिरियाचा प्रांताधिपती व्हारस याने इ. स. पू. ४ मध्ये सु. २,००० माणसांना क्रूसांवर चढविले. इ. स. ६६ मध्ये फ्लोरस या अधिकाऱ्याने जेरूसलेममध्ये रोमन सरदारवर्गातील ज्यूंनाही फटके मारवून खिळविले. जोसेफसच्या मते असे पूर्वी कधी घडले नव्हते. इ. स. ७० मध्ये टायटसने जेरूसलेमला वेढा घातला असता अन्नाच्या शोधात बाहेर पडलेले लोक पकडले जात. त्यांची संख्या कधीकधी दिवसाला ५०० वर जाई. शिपाई संतापाने व चेष्टेने त्यांना निरनिराळ्या विचित्र अवस्थांत ठोकीत, आणि अखेर क्रूसांना जागा व देहांना क्रूस पुरेनासे झाले. हे लिहिणारा जोसेफस तेव्हा रोमनांच्या छावणीत होता. पुढे आत्मचरित्रात त्याने सांगितलेला एक प्रसंग याहूनही बोलका आहे. टेकोआ या गावाहून परतताना क्रूसांवरील बंदिवानांत त्याला आपले तीन परिचित दिसले. त्याने रडत टायटसची विनवणी केली. टायटसने त्यांना तत्काळ खाली उतरवून त्यांच्यावर काळजीपूर्वक उपचार करविले. त्यांपैकी दोघे वैद्याच्या हाताखालीच मरण पावले, एक जगला. क्रूसावरून उतरवून जगलेल्या माणसाचा प्राचीन साहित्यातील हा दुर्मिळ उल्लेख होय.

शिक्षेची पद्धत एकच एक अशी ठरलेली नव्हती. सामान्यतः अपराध्यास प्रथम फटके मारीत. मग आडवी तुळई त्याच्या खांद्यांवर देऊन गावातून वधस्थानी नेत. उभा खांब बहुधा तेथे कायम रोवलेला असे. संपूर्ण क्रूस खांद्यावर घेऊन चालणारा माणूस ही चित्रकारांची कल्पना असण्याचा संभव अधिक आहे. अपराध लिहिलेली पाटी बरोबर नेत. खिळे, दोर किंवा दोन्ही वापरीत. खांबाच्या मध्यावर कधीकधी एक लहानसा खुंटा बसण्यासाठी ठोकलेला असे. देहाला थोडा आधार मिळाल्याने मरण लांबे. पायांखालची फळी मात्र प्राचीन रोमन उल्लेखांत आढळत नाही. आपण पाहिलेले क्रूस एकाच प्रकारचे नव्हते, कोणी माणसाला उलटे टांगले होते, कोणी हात पसरून, अशा आशयाचे वर्णन सेनिकाने केले आहे. लवकर मरण यावे म्हणून कधी पाय मोडीत. तरुण असताना ज्यूलियस सीझरला चाच्यांनी पकडले होते. सुटका झाल्यावर त्याने त्यांना आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे क्रूसांवर चढविले, पण त्यापूर्वी त्यांचे गळे चिरविले, आणि स्विटोनियस हे त्याच्या दयाळूपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. त्या दयेचे माप यावरून कळते.

मृत्यूनंतरही शिक्षा संपत नसे. प्रेत पुष्कळदा तसेच कावळ्या-कुत्र्यांसाठी ठेवीत आणि नातेवाईकांनी ते पळवू नये म्हणून पहारा बसवीत. पेट्रोनियसच्या कादंबरीतील एफेससच्या विधवेची प्रसिद्ध गोष्ट याच पहाऱ्यावर आधारलेली आहे. क्रूसांवर पहारा करणारा शिपाई जवळच्या थडग्यात शोक करीत बसलेल्या विधवेच्या नादी लागतो. तेवढ्यात एक प्रेत चोरीला जाते. तेव्हा त्याचा जीव वाचविण्यासाठी ती आपल्या नवऱ्याचेच प्रेत क्रूसावर चढवावयास देते. विधिपूर्वक दफन न होणे ही त्या काळी मृत्यूइतकीच भयंकर गोष्ट समजली जाई. तथापि सणासमारंभाच्या निमित्ताने किंवा विनंतीवरून प्रेत नातेवाईकांना दिल्याची उदाहरणेही आढळतात.

मृत्यू नेमका कशाने येई, यावर विसाव्या शतकात वैद्यांनी बरेच लिहिले. फ्रेंच शस्त्रवैद्य प्येअर बार्बे याने गुदमरणे हे मुख्य कारण मानले; अमेरिकन न्यायवैद्यक फ्रेडरिक झूगिबे याने स्वयंसेवकांना क्रूसावर बांधून प्रयोग केले, तेव्हा त्यांना श्वास घेण्यास अडचण आली नाही, म्हणून त्याने रक्तस्राव व आघात यांवर भर दिला. देहाची अवस्था, आधी मारलेले फटके, हवामान यांनुसार कारणे वेगवेगळी असणार, हे उघड आहे. अशा चर्चांत प्रत्यक्ष पुराव्यापेक्षा चित्रांतील देह पुढे ठेवण्याची चूक वारंवार झालेली दिसते.

हजारोंच्या संख्येने दिल्या गेलेल्या या शिक्षेचा पुरातत्त्वीय पुरावा आश्चर्य वाटावे इतका अल्प आहे. १९६८ मध्ये जेरूसलेमच्या ईशान्येस गिव्हात हा-मिव्हतार येथे व्हॅसिलियॉस त्सॅफेरिस याने पहिल्या शतकातील कबरी उत्खनित केल्या. तेथील येहोहानान हे नाव कोरलेल्या एका दगडी अस्थिपेटीत टाचेच्या हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा मिळाला. त्याचे टोक वाकले होते, त्यामुळे तो काढता आला नसावा. निकू हास याने १९७० मध्ये केलेल्या पहिल्या अभ्यासात दोन्ही टाचा एकाच खिळ्याने ठोकल्याचे म्हटले होते. जोसेफ झायस व एलिएझर सेकेलेस यांनी १९८५ मध्ये फेरतपासणी करून खिळा सु. ११·५ सेंमी. लांबीचा असून तो एकाच टाचेतून बाजूने गेला आहे, दोन्ही पाय उभ्या खांबाच्या दोन बाजूंना ठोकले असावेत आणि हातांवर खिळ्याची खूण नसल्याने ते बांधलेले असावेत, असे दाखवून दिले. प्रचलित चित्रापेक्षा ही स्थिती पुष्कळच निराळी आहे. इटलीत गाव्हेल्लो येथे २००७ मध्ये छिद्र असलेले एक टाचेचे हाड मिळाले. इंग्लंडमधील केंब्रिजशरमध्ये फेन्स्टॅन्टन येथे २०१७ मध्ये, इ. स. १३० ते ३६० च्या दरम्यानच्या एका पुरुषाच्या सांगाड्यात टाचेत खिळा सापडला. त्याचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुराव्याच्या या दुर्मिळतेची कारणे शिक्षेच्या स्वरूपातच आहेत. पुष्कळांना दफन मिळाले नाही; पुष्कळांना केवळ दोरांनी बांधले होते; आणि खिळे पुन्हा वापरीत किंवा ताईत म्हणून लोक घेऊन जात. क्रूसावरील खिळा अंगावर बाळगल्यास चौथ्या दिवशी येणारा ताप जातो, या समजुतीचा उल्लेख थोरल्या प्लिनीने केला आहे आणि ज्यूंच्या मिश्नातही अशा खिळ्याच्या वापराची चर्चा येते.

येशू ख्रिस्ताचा देहदंड इ. स. ३० च्या सुमारास, पाँटियस पायलट (कारकीर्द २६–३६) ज्यूडीयाचा अधिकारी असताना झाला. चारही शुभवर्तमानांखेरीज टॅसिटसनेही त्याचा थोडक्यात उल्लेख केला आहे. १९६१ मध्ये सिझरिया येथे पायलटचे नाव असलेला शिलालेख सापडला. ‘ज्यूंचा राजा’ ही क्रूसावरील पाटी रोमनांच्या लेखी तो राजकीय अपराध होता, हे दर्शविते. त्याच्या दोन बाजूंना टांगलेल्या इसमांसाठी वापरलेला ग्रीक शब्दही जोसेफस बंडखोर दरोडेखोरांना लावतो तोच आहे. येशूचे मरण काही तासांतच आले, याचे पायलटला आश्चर्य वाटल्याचे मार्कच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. त्या काळच्या प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ही एक किरकोळ घटना होती.

पुढच्या तीन शतकांत या चिन्हाचा अर्थ कसा पालटला, हा या विषयाचा सर्वांत विलक्षण भाग आहे. पहिल्या पिढीतील ख्रिस्ती प्रचारकांपुढची अडचण उघड होती. आपला त्राता गुलामाच्या मरणाने मेला, असे सांगत त्यांना रोमन साम्राज्यातील गावोगाव फिरावे लागले. क्रूसावर गेलेला ख्रिस्त ज्यूंना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, हे संत पॉलने आपल्या पत्रात मान्यच केले. आणि टांगलेल्यावरील शापाच्या वचनाचाही त्याने, तो शाप ख्रिस्ताने इतरांसाठी पत्करला, असा अर्थ लावला. ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले व क्रूसावरील मरण सोसले, असे म्हणताना दास आणि क्रूस हे दोन शब्द शेजारी ठेवणे त्याच्या श्रोत्यांच्या अनुभवाला धरूनच होते. श्रोत्यांत गुलामांचा भरणा होता. विरोधकांनी याची टर उडविली. रोममधील पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडलेल्या, इ. स. २०० च्या सुमाराच्या एका भिंतीवरील रेखाटनात क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस असून त्याच्यापुढे एक इसम हात उंचावून उभा आहे. ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो’ असा मजकूर त्याखाली ग्रीकमध्ये खरडलेला आहे. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूचे ज्ञात असलेले हे जवळजवळ सर्वांत जुने चित्र, आणि ते एका थट्टेखोराने काढलेले आहे. ख्रिस्ती लोक स्वतः दीर्घकाळ मासा, नांगर, मेंढपाळ अशी चिन्हे वापरीत राहिले. ज्यांनी खरे क्रूस पाहिले होते त्यांना ते चित्रित करावेसे वाटले नाहीत, हे समजण्यासारखे आहे.

३१२ मध्ये मिल्व्हियन पुलाच्या लढाईत विजयी झालेल्या कॉन्स्टंटीनने ख्रिस्ती धर्मास आश्रय दिला आणि पुढे क्रूसाची शिक्षा बंद केली, असे ऑरेलियस व्हिक्टर व सॉझोमेन सांगतात. तिची जागा ‘फुर्का’ या फाट्याच्या लाकडावर गळा आवळून टांगण्याने घेतली. त्यात मरण लवकर येई. देहदंडच काय, गुलामगिरीही त्यामुळे थांबली नाही. बदलले ते एवढेच की पूज्य ठरलेल्या वस्तूने माणसे मारणे अशोभनीय ठरले. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या विधिसंहितेत (५३३) जुन्या विधिज्ञांचे उतारे घेताना संपादकांनी ‘क्रुक्स’ च्या जागी ‘फुर्का’ घातल्याचे अभ्यासक मानतात. शिक्षा जिवंत स्मृतीतून गेल्यावरच तिचे चित्रण सुरू झाले. ब्रिटिश म्युझियममधील सु. ४२०–३० चा हस्तिदंती पट्ट आणि रोममधील सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावरील सु. ४३० चे शिल्प ही त्याची आरंभीची उदाहरणे. दोहोंतही ख्रिस्त उघड्या डोळ्यांनी, वेदनेची कोणतीही खूण न दाखविता उभा आहे. कष्टी, मान टाकलेला ख्रिस्त ही त्याहून कित्येक शतकांनंतरची निर्मिती होय.

याच्याशी संबंध नसलेली पण बाह्यतः सारखी अशी ‘हारित्सुके’ नावाची शिक्षा जपानमध्ये सोळाव्या शतकात प्रचारात होती व मेजी काळाच्या प्रारंभापर्यंत टिकली. तीत अपराध्यास क्रूसाकृती लाकडास बांधून दोन्ही बाजूंनी भाल्यांनी भोसकीत. त्यामुळे मरण त्वरित येई. हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती व्यक्तींना ही शिक्षा देण्यात आली. त्यापूर्वी त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांना भर हिवाळ्यात क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवीत नेले होते. त्यांत गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन बंधू होता. त्याचा जन्म सु. १५५६–५७ मध्ये वसईस पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी झाला. जपानी भाषा उत्तम येत असल्याने तो १५९३ मध्ये मानिलाहून पेद्रो बाउतिस्ता याच्याबरोबर दुभाषी म्हणून जपानला गेला होता. १८६२ मध्ये पोप नववा पायस याने त्यास इतर हुतात्म्यांसह संतपद दिले. वसईच्या किल्ल्यातील एक जुने चर्च त्याच्या नावाने ओळखले जाते.